राज्यकारभार उघडा असावा

राज्यकारभार प्रजेच्या पैशानें चालतो. म्हणून त्याचा जमाखर्च पाहण्याचा हक्कही प्रजेचाच होय. स्वीडन देशानें हें तत्त्व ओळखून सन १७६६ मध्येंच कायद्यानें सरकारी कागदपत्रें नागरिकांस मोकळीं केलीं.

भारतांत ह्या मागणीस खरें बळ दिलें तें राजस्थानांतील खेडुतांनीं. सरकारी कामांवर राबणाऱ्या मजुरांस ठरलेली मजुरी पुरती मिळेना, आणि अधिकारी हजेरीपट दाखवीनात. तेव्हां सन १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेनें गांवोगांवीं जनसुनावण्या भरविल्या. मिळालेले हजेरीपट सर्वांसमक्ष वाचले जातांच, कामावर कधींही न गेलेल्यांचीं, इतकेंच नव्हे तर मृतांचींही नांवें त्यांत आढळलीं!

पुढें सन २००५ मध्यें माहितीचा अधिकार देशास मिळाला. अर्ज केल्यास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणें कचेरीस भाग झालें. परंतु ह्या कायद्याचें ४ थें कलम त्याहून मोलाचें आहे. अर्जाची गरजच कमीत कमी पडावी, इतकी माहिती कचेऱ्यांनीं आपण होऊन प्रसिद्ध करावी, असें तें सांगतें. कारण दिवसाची मजुरी बुडवून कचेरी गांठणें गरिबास परवडत नाहीं.

म्हणून देशाच्या धुरीणांस नम्र विनंती कीं, विचारल्यावर सांगणें एवढ्यावरच त्यांनीं संतुष्ट राहूं नये. राष्ट्रसंरक्षणाच्या कांहीं गोष्टी गुप्त राहणें योग्यच; पण मजुरी, ठेके व खर्च ह्यांत गुपित तें कसलें? हे हिशेब न मागतां चावडीवर लागावेत. कर नाहीं त्याला डर कशाची?