तुमचं उत्तर कोण वाचतं?

दिल्लीची करोल बाग मराठी माणसाला आधी माहीत झाली ती सोन्यामुळे. विटा, खानापूर, आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले देशभरच्या सराफी पेठांत पोचले, तसे इथेही स्थिरावले. आज महाराष्ट्रातल्या गावागावांत या भागाचं नाव निघतं ते यूपीएससीमुळे. पूसा रोडवरच्या इमारती आणि त्यांना खेटून असलेलं ओल्ड राजेंद्र नगर म्हणजे क्लास, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, मेस आणि भाड्याच्या खोल्या. घरात पोरानं ‘आयएएस करायचंय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: दिल्लीला पाठवायचं का? या प्रश्नामागे खरा प्रश्न वेगळा आहे. शिकवणी विद्यार्थ्यापर्यंत पोचवण्याचे आज चार-पाच मार्ग आहेत. त्यांतला कोणता कशासाठी निवडायचा?

सगळ्यांत जुना मार्ग वर्गाचा. दिल्लीत राव्ज ही संस्था 1953 पासून आहे, वाजीराम अँड रवी 1976 पासून. त्याच 1976 साली मुंबईत राज्य सरकारची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था उभी राहिली, म्हणजे मुलांची ‘एसआयएसी’. 1979 मध्ये कोठारी समितीच्या शिफारशींनुसार यूपीएससीच्या परीक्षेत पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे तीन टप्पे आले. 1996 मध्ये अविनाश धर्माधिकारींनी पुण्यात चाणक्य मंडल सुरू केलं आणि मराठी मुलांना घराजवळ पर्याय मिळाला. वर्गाचं बळ शिस्तीत आणि सोबतीत आहे. रोज सकाळी ठरलेल्या वेळी बसावं लागतं आणि शेजारचा किती पुढे गेला, ते डोळ्यांना दिसतं. मात्र शेकडोंच्या बॅचमध्ये शंका विचारायला मुलगा कचरतो, आणि शिक्षकाला त्याचं नावही ठाऊक नसतं.

दुसरा मार्ग टपालाचा. मद्रासच्या ब्रिलियंट ट्युटोरियल्ससारख्या संस्था नोट्स घरपोच पाठवत. ज्यांना गाव सोडता येत नव्हतं, त्यांच्यासाठी तो मोठा आधार होता.

तिसरा मार्ग पडद्याचा. 2010 मध्ये एक यूट्यूब चॅनेल म्हणून सुरू झालेली अनअकॅडमी पुढे मोठी कंपनी झाली. मार्च 2020 च्या टाळेबंदीनंतर तर सगळे वर्गच मोबाइलवर गेले. मे महिन्यात दिल्लीत अडकलेल्या मराठी परीक्षार्थींना आणायला भुसावळकडे विशेष रेल्वे सोडावी लागली. गडचिरोलीतल्या मुलीला दिल्लीचा शिक्षक घरबसल्या ऐकता येऊ लागला, ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही 2022 मध्ये अनअकॅडमी आणि फिजिक्सवाला या ऑनलाइन कंपन्यांनी स्वतःच शहरोशहरी वर्ग उघडले. रेकॉर्डेड तास ‘उद्या बघू’ म्हणून साचत जातात, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. ज्ञान पोचतं, पण पाठपुरावा पोचत नाही.

चौथा मार्ग टेस्ट सिरीजचा, म्हणजे उत्तरं लिहून ती तपासून घेण्याचा. कारण यूपीएससीचा निकाल बहुतांशी लागतो तो मुख्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर. एकूण 2025 गुणांपैकी 1750 गुण लेखी आहेत. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात तीन तासांत वीस प्रश्न: दहा गुणांना दीडशे शब्द, पंधरा गुणांना अडीचशे. सरासरी नऊ मिनिटांत एक उत्तर. समजा, भूजल का खालावतंय आणि त्यावर उपाय काय, असा प्रश्न आला. मुलगा कूपनलिका, उसाचं पीक, फुकट वीज अशी कारणं भराभर लिहितो. पान भरतं, वेळ संपते, उपाय राहून जातात. त्याला उत्तर छानच वाटत असतं. समासात कुणी लिहिलं की ‘प्रश्नाचा दुसरा भाग सुटला, कारणं चार ओळींत आटप’, तरच पुढचं उत्तर सुधारतं. ‘गुड अटेम्प्ट, डेटा वाढवा’ एवढाच शेरा मिळाला तर टेस्ट सिरीजची फी पाण्यात गेली. व्याख्यान एकाच वेळी हजारोंना देता येतं. उत्तर मात्र एकेकाचंच वाचावं लागतं.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी हा मुद्दा आणखी धारदार होतो. मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीत देता येते; भूषण गगराणी मराठी माध्यमातूनच 1990 च्या तुकडीत आयएएस झाले. पण दिल्लीतल्या क्लासेसचा कारभार इंग्रजी-हिंदीत चालतो. मराठी उत्तर जाणकारीने तपासणारा माणूस पुण्या-मुंबईतच सापडण्याची शक्यता जास्त. 2025 पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाल्याने अशा परीक्षकांची गरज आता जिल्ह्याजिल्ह्यात भासणार आहे.

निवड करताना जाहिरातीवर विसंबू नये. एकाच यशस्वी उमेदवाराचा फोटो अनेक क्लासेसच्या फलकांवर दिसतो, कारण त्याने कुठे पूर्ण बॅच केलेली असते, तर कुठे फक्त मोफत मॉक मुलाखत दिलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये यासाठी नियम केले: निवडीची हमी देता येणार नाही, उमेदवाराने नेमका कोणता कोर्स केला ते सांगावं लागेल, त्याची लेखी संमतीही लागेल. जागाही डोळ्यांनी पाहावी. 27 जुलै 2024 रोजी ओल्ड राजेंद्र नगरमधल्या एका तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी घुसलं आणि तीन परीक्षार्थींचा जीव गेला. अभ्यासिकेचा दुसरा दरवाजा कुठे आहे, हे फी भरण्याआधी विचारायलाच हवं.

मग मार्ग कोणता? पाया घालायला एनसीईआरटीची पुस्तकं आणि ऑनलाइन तास पुरतात. एकट्याने वेळापत्रक पाळणं जमत नसेल, तर जवळच्या शहरातला छोटा वर्ग बरा. पूर्वपरीक्षेच्या चाचण्या घरूनही देता येतात. पैसा राखून ठेवावा तो उत्तरं तपासून घेण्यासाठी आणि समोरासमोरच्या मार्गदर्शनासाठी. दिल्ली गाठायचीच तर याच टप्प्यावर, ठरावीक महिन्यांसाठी. फी भरताना तीन प्रश्न विचारावेत: माझं उत्तर कोण तपासणार, किती दिवसांत परत देणार, आणि त्यावर माझ्याशी बोलणार का?

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था मुलांना दिल्लीत शिकण्यासाठी मदत करतात, ते मोलाचंच आहे. त्या पैशातला काही भाग लातूर, अमरावती, नंदुरबारमध्ये मराठी उत्तरं वाचणारे चांगले परीक्षक घडवण्यावर खर्च व्हायला हवा. मुख्य परीक्षेपर्यंत पोचून परतलेली अनुभवी मुलं आपल्याकडे आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि योग्य मानधन दिलं तर हे काम उभं राहील. व्याख्यान आता गावोगावी पोचलं आहे. वही वाचणाराही पोचला, तर दिल्लीला जाणं ही सक्ती न राहता खरोखरची निवड होईल.