झांबिया : एका नदीवर चाललेला संसार

आमच्या शाळेच्या भूगोलाच्या खोलीत आफ्रिका खंडाचा एक जुना नकाशा टांगलेला असे. त्याच्या कडा झिजल्या होत्या आणि दक्षिणेकडील एका देशावर ‘उत्तर ऱ्होडेशिया’ ही अक्षरे होती. ती अक्षरे १९६४ सालीच शिळी झाली होती. परंतु नवा नकाशा घेण्यास शाळेपाशी पैसा नव्हता. तेव्हा आम्ही वर्षानुवर्षे त्यावर काठी टेकवून मुलांस सांगत असू, “येथे झांबिया असे वाचा. खनिज तांबे, पीक मका, नदी झांबेझी.” मुले तेवढे घोकीत आणि परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळत. निवृत्तीनंतर थोडी सवड लाभली म्हणून या देशाविषयी अधिक वाचावयास घेतले, तेव्हा आमच्या त्या उत्तरातील क्रमच चुकला होता, असे आमच्या ध्यानात आले. तो कसा, हे वाचकांपुढे मांडावे असा या लेखाचा हेतू आहे.

झांबियाचा विस्तार सुमारे ७ लाख ५२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट आहे; आणि लोकसंख्या मात्र २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ९६ लाख. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला. पहिले अध्यक्ष केनेथ कौंडा हे महात्माजींच्या अहिंसेचे चाहते होते. देशाला शेजारी आठ, परंतु समुद्र एकाही बाजूस नाही. ज्या घरास स्वतःचे दार नाही आणि प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या ओसरीवरूनच रस्त्यावर यावे लागते, त्या घराच्या अडचणी आपल्याकडील वाड्यांत राहिलेल्यांस वेगळ्या सांगावयास नकोत. १९६५ साली दक्षिणेकडील ऱ्होडेशियातील गोऱ्या सरकारने परस्पर स्वातंत्र्य पुकारले आणि झांबियाची नेहमीची वाट संकटात सापडली. १९७५ नंतर अंगोलातील यादवीमुळे पश्चिमेचा रेल्वेमार्गही बंद पडला. चीनच्या साहाय्याने १९७० ते १९७५ या काळात दार-ए-सलाम बंदरापर्यंत १,८६० किलोमीटरांचा लोहमार्ग बांधला गेला, तो याच कोंडीतून सुटण्यासाठी. अगदी अलीकडे, मे २०२१ मध्ये, कझुंगुला येथे झांबेझीवर बोट्स्वानाला जोडणारा ९२३ मीटरांचा पूल खुला झाला. तोपर्यंत मालमोटारींना तेथे तराफ्याची वाट पाहत खोळंबावे लागे.

एकट्या कमावत्याचे घर

देशाच्या निर्यातीपैकी शेकडा सत्तरच्या आसपास उत्पन्न एकट्या तांब्याचे. किटवे, एन्डोला, मुफुलिरा, चिंगोला ही उत्तरेकडील गावे या धातूनेच वसविली. एकत्र कुटुंबात थोरला मुलगा मोठ्या पगारावर असावा आणि सर्वांनी त्याच्याकडे पाहून खर्च वाढवीत जावे, तसे पहिल्या दहा वर्षांत झाले. शाळा, दवाखाने, रस्ते सर्व तांब्यावर उभे राहिले. १९७४ नंतर जगाच्या बाजारात तांब्याचा भाव कोसळला आणि थोरल्याची नोकरी सुटल्यासारखी घराची अवस्था झाली. सरकारने ताब्यात घेतलेल्या खाणी तोट्यात गेल्या, कर्ज वाढले आणि शतकाच्या अखेरीस त्याच खाणी पुन्हा खासगी मालकांस विकाव्या लागल्या. त्यांतील कोंकोला येथील मोठ्या खाणींचा बहुसंख्य वाटा २००४ साली मूळच्या भारतीय असलेल्या वेदांत समूहाकडे आला. तेथेही पुढे सरकारशी तंटा झाला, २०१९ मध्ये खाणी काढून घेतल्या गेल्या आणि काही वर्षांनी परत देण्यात आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये तर परदेशी कर्जरोख्यांवरील व्याजाचा हप्ताच चुकला. एकट्याच्या मिळकतीवर संसार चालवू नये, हा धडा या घराला फार महागात मिळाला आहे.

म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या मिळकतीचा शोध सुरू झाला. त्यांपैकी एक दूरध्वनीची आणि दुसरी पाहुण्यांची.

तारेवाचून चालणारी हुंडी

१९९४ साली टपाल आणि दूरध्वनी ही खाती वेगळी करण्यात आली आणि ‘झामटेल’ ही सरकारी कंपनी निघाली. परंतु एवढ्या विरळ वस्तीच्या देशात घरोघर तारा नेणार कोण? सामान्य झांबियन मनुष्याने तारेच्या दूरध्वनीची पायरी चढलीच नाही. तो एकदम मोबाइलवर आला. झामटेलचा ७५ टक्के वाटा २०१० मध्ये एका लिबियन कंपनीस विकला गेला आणि २०१२ मध्ये सरकारने तो परत घेतला. त्याच २०१० साली भारतातील भारती एअरटेलने आफ्रिकेतील पंधरा देशांचे मोबाइलचे जाळे विकत घेतले. त्यांत झांबिया होता. म्हणून आज लुसाकाच्या बाजारात जो लाल फलक दिसतो, त्याची मूळ पेढी दिल्लीची आहे. त्याच्या शेजारी दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीचा पिवळा आणि झामटेलचा हिरवा फलक असतो.

परंतु या मोबाइलचा खरा चमत्कार बोलण्यात नसून पैशांच्या देवघेवीत आहे. खेड्यात बँक नाही. बँक असली तरी गरिबास तेथे खाते उघडण्याचा धीर नाही. रस्त्याच्या कडेस छत्रीखाली अथवा लहानशा खोक्यात एक तरुण बसलेला असतो. लुसाकात टोमॅटो विकणारी बाई दिवसाची विक्री त्याच्याजवळ भरते. तितकी रक्कम तिच्या मोबाइलच्या क्रमांकावर जमा होते. ती गावी आईच्या क्रमांकावर पाठविते आणि आई तेथील दुसऱ्या छत्रीखालून रोख क्वाचा घेते. आपल्या सावकारी पेढ्यांवर जी हुंडी चाले, तिचेच हे नवे रूप होय. हुंडीस जशी पेढीची पत लागे, तशी येथे त्या तरुणाजवळ एका हाती रोकड आणि दुसऱ्या हाती मोबाइलमधील शिल्लक अशा दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. एक संपली की धंदा थांबला. शाळेची फी, बियाण्याचे पैसे, आजाऱ्याचे औषध, सर्व आता या वाटेने जाते. ‘क्वाचा’ या शब्दाचा अर्थ पहाट असा आहे. हे नाव त्या चलनास शोभले असेल तर ते या छत्र्यांखाली, असे आम्हास वाटते.

गर्जणारा धूर

तिसरी मिळकत पाहुण्यांची. झांबेझी नदी लिव्हिंगस्टन शहराजवळ १,७०८ मीटर रुंदीने एकदम १०८ मीटर खाली कोसळते. तुषारांचे लोट दुरून दिसतात आणि गर्जनाही दुरून ऐकू येते. म्हणून स्थानिक लोकांनी तिला ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे गर्जणारा धूर, असे नाव दिले. १६ नोव्हेंबर १८५५ रोजी डेव्हिड लिव्हिंगस्टन तेथे पोहोचला व त्याने आपल्या राणीचे नाव धबधब्यास दिले. पूर्वेकडे लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात नॉर्मन कार या वनाधिकाऱ्याने १९५० साली तेथील नायकाच्या संमतीने पाहुण्यांसाठी तळ उभारला. पुढे वाटाड्याच्या मागे पायी चालत हत्ती आणि बिबळे दाखविण्याची रीत त्याने रूढ केली. पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशांतील वाटा गावास मिळावा, हा त्याचा आग्रह होता. जंगली श्वापद मारण्यापेक्षा राखण्यात गावाचा लाभ आहे, हे केवळ उपदेशाने पटत नाही. हातात पैसा पडला की पटते.

या यात्रेत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. लिव्हिंगस्टन १८७३ साली आजच्या झांबियातील चितांबो नायकाच्या गावी वारला. त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले आणि देह त्याच्या आफ्रिकन सेवकांनी महिनोन्महिने खांद्यावर वाहून समुद्रकाठी नेला. त्या झाडावर लेख कोरणारा जेकब वेनराइट हा गुलामीतून सोडविलेला मुलगा आपल्या नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या शाळेत शिकला होता. प्रेताबरोबर तो थेट वेस्टमिन्स्टरपर्यंत गेला. नाशिकात शिकलेल्या अक्षरांनी मध्य आफ्रिकेतील झाडावर नाव कोरले जावे, ही गोष्ट आम्ही इतकी वर्षे भूगोल शिकवून मुलांस कधी सांगितली नाही, याची खंत वाटते.

तिन्हींचे मूळ

आता मूळ मुद्द्याकडे वळू. देशातील विजेपैकी शेकडा ऐंशीहून अधिक पाण्यापासून निघत आली आहे. झांबेझीवर १९५५ ते १९५९ या काळात करिबा धरण बांधले. त्यासाठी टोंगा जमातीच्या सुमारे ५७ हजार लोकांस पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन सोडावी लागली. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांस त्या लोकांचे दुःख निराळे वाटणार नाही. दुसरी मोठी वीजगृहे कफुए नदीवर आहेत. आणि कफुए ही झांबेझीचीच उपनदी.

२०२३-२४ च्या हंगामात पाऊस पडला नाही. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी अध्यक्ष हिचिलेमा यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. मका करपला, आणि मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला तेथे ‘न्शिमा’ म्हणतात, हेच तेथील रोजचे अन्न. करिबातील वापरण्याजोगे पाणी शेकडा दहाच्याही खाली उतरले. दिवसाचा बहुतेक वेळ वीज जाऊ लागली. मग काय झाले ते पाहावे. मोबाइलचे मनोरे डिझेलवर चालवावे लागले. खेड्यातील माणसाचा मोबाइलच निर्जीव झाला, तर त्यातील पैसा असून नसल्यासारखा. न्हावी, पिठाची गिरणीवाला, जोडकाम करणारा लोहार, सर्वांचे हात थांबले. खाणींस वीज परदेशांतून महाग दराने विकत आणावी लागली. आणि धबधब्याकडे पाहावे, तर कोरड्या दिवसांत झांबियाच्या बाजूचा कडा आधीच उघडा पडतो. त्यातून त्याच बाजूचे पाणी कड्याच्या वरूनच १०८ मेगावॉटच्या वीजगृहाकडे वळविलेले आहे. पाहुण्यास जलप्रपात दाखवावा की घरात दिवा लावावा, असा प्रश्न एकाच नदीपुढे उभा राहतो.

म्हणजे ज्या तीन मिळकती आपण वेगळ्या मानल्या, त्या तिन्हींचे मूळ एकच निघाले. घरात कमावते तीन झाले, पण तिघेही एकाच विहिरीचे पाणी पिणारे! त्यातही थोरल्याचे वर्तन पाहावे. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी किटवेजवळ तांब्याच्या एका कारखान्याच्या गाळाचा बांध फुटला. आम्लयुक्त पाणी ओढ्यातून कफुएत शिरले, मासे मेले आणि किटवे शहराचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला. ज्या विहिरीवर सारे घर जगते, तिच्यात थोरल्यानेच विष कालवावे, असा हा प्रकार झाला.

सुदैवाने तेथील राज्यकर्ते आता सूर्याकडेही पाहू लागले आहेत. जून २०२५ मध्ये चिसांबा येथे १०० मेगावॉटचे सौर वीजगृह सुरू झाले. लहान दुकानदारही छपरावर सौर तावदाने बसवून इतरांचे मोबाइल भरून देण्याचा धंदा करतात. हा मार्ग योग्य आहे. परंतु सूर्यापासून वीज मिळेल. धबधबा, मासे, मका आणि रानातील हत्ती सूर्याने निघणार नाहीत. त्यांस नदीच हवी.

झांबियाच्या पश्चिमेस लोझी लोकांचा एक सोहळा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस झांबेझीचे पाणी मैदानात चढले की त्यांचा राजा, म्हणजे लिटुंगा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या नावेतून लिआलुई येथील वाडा सोडून उंचावरील लिमुलुंगा येथे जातो. ‘कुओंबोका’, म्हणजे पाण्यातून बाहेर पडणे, असे त्या सोहळ्याचे नाव. हजारो पाहुणे तो पाहावयास येतात. परंतु पाणी पुरेसे चढले नाही, तर त्या वर्षी सोहळा होत नाही. राजा असला तरी नदीची आज्ञा झाल्याखेरीज त्याला प्रस्थान ठेवता येत नाही. मंत्रालयांत बसून हिशेब मांडणाऱ्यांनी या जुन्या रीतीकडे पाहून आपला हिशेब तपासला, तर त्यात त्यांचे काही उणे होणार नाही.

आमच्यापुरते म्हणाल, तर तो जुना नकाशा आता शाळेत नाही आणि काठीही आमच्या हाती नाही. परंतु घरातील नातवंडे भूगोलाचे पुस्तक घेऊन आली की आम्ही उत्तराचा क्रम बदलून सांगतो : झांबिया, नदी झांबेझी, आणि मग पीक मका, खनिज तांबे. परीक्षेत गुण तेवढेच मिळतात. परंतु आधी काय आणि मागून काय, हे मुलांच्या ध्यानात राहते.