सकाळी निघावे, सांजेला परतावे

परदेश पाहायला निघालेला आपला माणूस फार घाईत असतो. तिकिटाला रोख पैसे मोजलेले असतात, रजा मोजकी असते आणि परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना गावांची लांबलचक यादी ऐकवायची असते. मग रोज नवे हॉटेल, रोज नवी उशी आणि रोज पहाटे उठून बॅगा भरणे! असे दोन प्रवास झाल्यावर यंदा आमच्या सौभाग्यवतींनी मुंबईहून निघण्यापूर्वीच फर्मान काढले, "या खेपेला बॅग एकदाच उघडायची आणि एकदाच भरायची."

हे फर्मान पाळता येईल असा मुलूख म्हणजे एखादे बेट. मुक्काम एका ठिकाणी ठेवावा, सकाळी शिदोरी बांधून मोटारीने निघावे आणि दिवेलागणीला परतावे. सुदैवाने आमचा भाचा सायप्रसमधल्या लिमासोल बंदरात, जहाजांचा कारभार पाहणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. "मामा, मामीला घेऊन याच," असा त्याचा आग्रह तीन वर्षे चालला होता. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही तो मानला.

सिसिली आणि सार्डिनिया यांच्यानंतर भूमध्य समुद्रातले सायप्रस हे तिसरे मोठे बेट. मोठे म्हणजे किती? क्षेत्रफळ 9,251 चौरस किलोमीटर. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडेसे अधिक. येथे 1878 ते 1960 इंग्रजांचा अंमल होता. तो गेला, पण जाताना डाव्या बाजूने मोटार हाकण्याची सवय मागे ठेवून गेला. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला सुकाणू हाती घेताना परके वाटत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना मी घरूनच काढून नेला होता. भाड्याच्या मोटारीला तेथे लाल पाटी असते. ती दिसली की स्थानिक मंडळी जरा अंतर राखूनच चालतात, हा एक जादा फायदा.

भाच्याचे घर जुन्या वस्तीत आहे. शेजारी एक वृद्ध बाई राहतात. ग्रीक भाषेत आजीला 'याया' म्हणतात, म्हणून भाचा त्यांना याया म्हणतो, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हीही म्हणू लागलो. पहिल्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा त्यांनी दारातल्या झाडाची चार संत्री सौ.च्या हाती ठेवली आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, "परत किती वाजता?" मी म्हटले, "सहापर्यंत." त्यांनी मान डोलावली. सहाला दहा मिनिटे असताना आम्ही परतलो, तर बाई दारात उभ्या! मला वाटले, म्हातारपणाची काळजी.

पहिली सफर पश्चिमेची, पाफोसपर्यंतची. अंतर जेमतेम सत्तर किलोमीटर. नवा हमरस्ता तासाभरात पोचवतो, पण माझे ऐकाल तर समुद्रकाठचा जुना रस्ताच धरा. लिमासोल सोडताच डावीकडे अक्रोतिरीचे मिठाचे सरोवर लागते. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात. ठाण्याच्या खाडीत थव्यांनी येतात तेच हे गुलाबी पाहुणे. सौ.ला इतक्या दूर माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

पुढे कोलोसीचा किल्ला. तीन मजली चौकोनी गढीच म्हणा ना. धर्मयुद्धात लढणाऱ्या सरदारांचे हे ठाणे. त्या ठाण्याला 'कमांडरी' म्हणत, त्यावरून येथल्या गोड मद्याला 'कमांदारिया' हे नाव पडले. द्राक्षे उन्हात सुकवून ते करतात. सौ.ने चमचाभर चाखून निकाल दिला, "आपले द्राक्षासवच की हे!"

कोलोसीनंतर थोड्याच अंतरावर, कड्यावर वसलेल्या कूरिओन नगरीचे अवशेष आहेत. तेथले दगडी नाट्यगृह समुद्राकडे तोंड करून बसले आहे. वरच्या पायरीवर बसले की रंगमंचामागे निळे पाणीच पाणी. इसवी सन 365 मधल्या भूकंपाने ही नगरी कोसळली. 1980 च्या दशकात उत्खनन करणाऱ्यांना येथल्या एका घराच्या ढिगाऱ्यात तीन सांगाडे सापडले. एक तरुण, त्याची तरुण पत्नी आणि दीड वर्षाचे मूल. आईने मुलाला कवटाळलेले, आणि बापाने दोघांना. त्यानंतर त्या देखण्या नाट्यगृहात माझे मन काही रमेना.

गंमत अशी की हा सारा टापू आजही इंग्रजांचाच आहे. 1960 साली बेट स्वतंत्र झाले तेव्हा त्यांनी लष्करी तळांसाठी सुमारे तीन टक्के भूमी आपल्याकडे ठेवली. रस्त्यावर ना नाके, ना दोरी. मोटार एका राज्यातून दुसऱ्यात केव्हा शिरली, हे कळतही नाही.

वाटेवरचे सर्वांत देखणे ठिकाण म्हणजे 'पेत्रा तू रोमिऊ'. समुद्राच्या फेसातून सौंदर्यदेवता आफ्रोदिती येथे प्रकटली, अशी कथा. पण या नावाचा अर्थ मात्र 'रोमिओसचा दगड'. दिगेनिस नावाच्या महाबली वीराने शत्रूच्या गलबतांवर हे खडक भिरकावले म्हणे. आपल्याकडे प्रत्येक डोंगरावर भीमाने टाकलेला एखादा धोंडा असतोच, तशातलाच प्रकार! मोटार ठेवून रस्त्याखालच्या बोगद्यातून किनाऱ्यावर जावे लागते. वाळू नाही, गोल गुळगुळीत गोटे आहेत. चपला जाड तळाच्या हव्यात.

पाफोसला पोचलात की बंदराजवळची रोमन घरांची फरसबंदी चुकवू नका. 1962 साली शेत नांगरताना ती उजेडात आली. रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांनी जुळवलेली चित्रे आहेत ती. एका चित्रात दोघे जण झिंगून पडले आहेत आणि तेथे ग्रीक अक्षरांत लिहिले आहे, 'मद्य पिणारे पहिलेवहिले'. रांगोळी घालणाऱ्या बायकांनी तर हे काम अवश्य पाहावे.

दुसरी सफर डोंगराची. लिमासोलहून उत्तरेला निघाले की दहा मैलांतच चढ सुरू होतो. द्राक्षांचे मळे, मग बदामाची झाडे, मग पाइनचे रान. फेब्रुवारीत बदामाला पाने नसतात, नुसता पांढरा-गुलाबी फुलोरा असतो. प्लात्रेस हे इंग्रजांचे आवडते थंड हवेचे गाव. तेथले वळणांचे रस्ते आणि उतरत्या छपरांचे बंगले पाहून महाबळेश्वरचीच आठवण होते. पुढे त्रोदोस, आणि त्यावरचे ऑलिंपस शिखर 1,952 मीटर उंच. आपल्या कळसूबाईहून तीनशे मीटरांनी सरस. त्या दिवशी तेथे गुडघाभर बर्फ होता. सकाळी समुद्राकाठी सदऱ्यावर फिरलेले आम्ही दुपारी बारा वाजता कानटोप्या घालून उभे! इंग्रज गव्हर्नरचा उन्हाळी बंगला येथे बांधला जात असताना, 1880 मध्ये, कामावर देखरेख करायला आर्तूर रॅंबो हा फ्रेंच कवी होता. कविता त्याने तोवर सोडून दिलेली होती.

डोंगराच्या पलीकडच्या उतारावर काकोपेत्रिया गावाजवळ संत निकोलसचे अकराव्या शतकातले चिमुकले देऊळ आहे. त्याला 'छपराचा निकोलस' म्हणतात. मूळच्या घुमटावर बर्फ साचू नये म्हणून कोण्या पूर्वजाने त्यावर उतरते कौलारू छप्पर चढवले. छपरावर छप्पर! बाहेरून ते कोकणातल्या एखाद्या घरासारखे दिसते. आत मात्र भिंतीभर चित्रे. एकीत मेरी बाळ येशूला अंगावर पाजते आहे. सौ. त्या चित्रापुढून बराच वेळ हलली नाही. त्रोदोसमधली अशी दहा चित्रमय देवळे जागतिक वारसा म्हणून जपलेली आहेत.

परतताना एक काळजी घ्या. उतारावर नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. आंबेनळी घाटात करतो तसा खालचा गिअर ठेवा. आणि शाकाहारी मंडळींनी पोटाची चिंता करू नये. शेळ्यामेंढ्यांच्या दुधाचे, पुदिना घातलेले 'हालूमी' नावाचे चीज तव्यावर परतून देतात. ते वितळत नाही, दाताखाली करकरते. पोळीत गुंडाळून फक्कड लागते.

तिसरी सफर राजधानी निकोसियाची. यायांची लेक तेथे असते, म्हणून त्याही आमच्याबरोबर आल्या. रविवार असल्याने भाचाही होता. त्याच्यामुळे बोलणे सोपे झाले. वाटेत लेफकारा गावी थांबलो. येथल्या बायका तागाच्या कापडावर जाळीचे भरतकाम करतात. नदीच्या वळणांसारख्या एका नक्षीला 'पोतामोस', म्हणजे नदी, हेच नाव आहे. सौ.ने एक रुमाल घेतला. किंमत सांगत नाही, दिवाळीच्या दिवसांत ते बरे नव्हे.

निकोसियाभोवती व्हेनिसच्या लोकांनी सोळाव्या शतकात बांधलेला अकरा बुरुजांचा वर्तुळाकार तट आहे. आत लेड्रा स्ट्रीट हा गजबजलेला बाजार. दुकाने, आइसक्रीम, पोरेबाळे. आपण चालत राहतो आणि एकाएकी रस्त्यात पोलिसांची चौकी येते. मध्ये थोडी ओसाड जागा, पडकी घरे, वाळूची पिंपे. पलीकडे दुसरी चौकी, दुसरा झेंडा आणि तोच रस्ता पुढे चालू.

डिसेंबर 1963 मध्ये ग्रीक आणि तुर्की वस्त्यांत दंगली पेटल्या, तेव्हा एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तीच ही 'हिरवी रेषा'. पुढल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती आपले जनरल ग्यानी, आणि त्यानंतरचे जनरल थिमय्या. थिमय्यांचा मृत्यू 18 डिसेंबर 1965 रोजी येथेच, कामावर असताना झाला. सायप्रसने 1966 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

एवढे होऊनही जे टळले नाही ते 1974 मध्ये घडले. 15 जुलैला अथेन्सच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने निकोसियात बंड झाले. 20 जुलैला तुर्की फौज उत्तरेला किरीनियाजवळ उतरली. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे पळाले, चाळीस-पन्नास हजार तुर्क उत्तरेकडे गेले आणि रेघेची भिंत झाली. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत उतरलेली सिंधी कुटुंबे ज्यांनी पाहिली, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

याया त्या किरीनियाच्या. चौकीजवळच्या एका दुकानात आम्ही कॉफी प्यायलो. तीच कॉफी अलीकडे ग्रीक आणि पलीकडे तुर्की म्हणवते. भांडे, साखर, गाळ सारे एकच. तटाजवळच्या मोकळ्या जागेतून यायांनी आम्हाला उत्तरेचा 'पाच बोटांचा' डोंगर दाखवला. त्याच्या उतारावर भलामोठा झेंडा रंगवलेला आहे.

"त्याच्यामागे माझे घर," त्या म्हणाल्या.

"किती लांब?" सौ.ने विचारले.

"पंचवीस किलोमीटर."

मग भाच्याच्या तोंडून सारे कळले. त्या दिवशी तोफांचे आवाज ऐकून बाई कडेवर लेक घेऊन निघाल्या. चार दिवसांत परत यायचे, म्हणून दाराला कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला. चुलीवरचे भांडे तसेच राहिले. 2003 च्या एप्रिलमध्ये चौक्या प्रथम उघडल्या, तेव्हा एकोणतीस वर्षांनी त्या घरी गेल्या. दार दुसऱ्याच बाईने उघडले. ती तुर्क, मूळची लिमासोलची, तिकडून हाकलली गेलेली. तिने यायांना आत बसवले, कॉफी दिली आणि निघताना अंगणातली लिंबे ओंजळभर दिली. ते झाड यायांच्या सासऱ्याने लावलेले. आणि ज्या संत्र्याची फळे आम्ही रोज शिदोरीत नेत होतो, ते झाडही यायांचे नव्हे. लिमासोलचे ते घर एका तुर्क कुटुंबाचे. सरकारने ते त्यांना राहायला दिलेले.

"पुन्हा नाही गेलात?" मी विचारले.

"एकदा गेले, पुरे. तिचेही घर आता तेच आहे. तिला उठवून मी कुठे बसू?" थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, "तुम्ही सकाळी निघता, संध्याकाळी येता. मला ते पाहायला आवडते. म्हणून वेळ विचारते."

त्यावर आम्हा तिघांपैकी कोणीच काही बोलले नाही.

परतीचा रस्ता सरळ आणि रुंद आहे. सव्वा तासात लिमासोल आले. समुद्रावर शेवटचे तांबूस ऊन होते. नंतर राहिलेल्या चार दिवसांत आम्ही आणखी दोन सफरी केल्या. त्यांत पाहण्यासारखे पुष्कळ होते, पण आम्ही एक नियम केला: सहाची वेळ सांगितली की सहाच्या आत परतायचे, वाटेत कितीही देखणा सूर्यास्त दिसो.

वाचकांपैकी कोणी सायप्रसला गेलेच, तर मुक्काम एका जागी ठेवा, जुना रस्ता धरा, डोंगरासाठी स्वेटर आणि किनाऱ्यासाठी जाड चपला घ्या. आणि निघताना शेजारच्या कोणी विचारले, "परत किती वाजता?" तर नीट उत्तर द्या. या बेटावर तो प्रश्न साधा नाही.