दहा लाखांत शंभर रुग्ण: ॲडिसनचा आजार ओळखायला उशीर का होतो

जर्मनीतल्या २१६ रुग्णांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. या सगळ्यांच्या ॲड्रिनल ग्रंथींचं, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींचं, काम कमी पडत होतं. पहिला त्रास सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत निदान झालेल्या पुरुषांचं प्रमाण जेमतेम ५० टक्के होतं. स्त्रियांमध्ये ते ३० टक्क्यांपर्यंतही पोहोचत नव्हतं. दर पाचातल्या एका रुग्णाने निदानाआधी पाच वर्षांहून जास्त काळ त्रास काढला होता. ६७ टक्क्यांहून अधिक जण किमान तीन डॉक्टरांकडे जाऊन आले होते आणि ६८ टक्के जणांना आधी चुकीचं निदान मिळालं होतं. ते बहुतेकदा मानसिक त्रासाचं किंवा पोटाच्या विकाराचं असे.

स्त्री-पुरुषांमधला हा फरक मला सर्वात जास्त बोचतो. बाईला थकवा आला की आपल्याकडेही उत्तरं तयार असतात: रक्त कमी असेल, झोप होत नसेल, फार विचार करतेस. टॉनिकची बाटली येते, पण रक्तातल्या सोडियमची साधी तपासणी होत नाही.

ॲडिसनचा आजार, म्हणजे या ग्रंथीच निकामी होणं, दुर्मीळ आहे. युरोपात दर १० लाख लोकांमागे साधारण १०० ते १४० रुग्ण आढळतात आणि वर्षाला चार ते सहा नव्यांची भर पडते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती. तिला १० लाखांमागे १०० हा दर लावला, तर राज्यात ११ हजारांहून अधिक रुग्ण असायला हवेत. हा केवळ गुणाकार आहे, मोजणी नव्हे. तरी एखाद्या डॉक्टरला आयुष्यभरात असे एक-दोनच रुग्ण का भेटतात, हे त्यावरून लक्षात येतं. क्वचित दिसणारी गोष्ट सहज सुचत नाही.

लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये ११ रुग्णांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्या काळात ग्रंथी निकामी होण्याचं मुख्य कारण क्षयरोग होतं, आणि १९३० च्या आसपासही सुमारे ७० टक्के रुग्णांत तेच सापडे. आज पाश्चात्त्य देशांत ८० ते ९० टक्के रुग्णांत शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच या ग्रंथींवर उलटलेली असते. भारतात मात्र क्षय हे कारण आजही विसरून चालत नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा आपल्याकडे आहे. त्यात आणखी एक धोका आहे. क्षयावरचं रिफॅम्पिसिन हे औषध या ग्रंथींत बनणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक लवकर संपवतं. ग्रंथी आधीच अशक्त असतील, तर क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर रुग्ण अचानक खालावू शकतो.

दोन्ही मूत्रपिंडांवर बसलेल्या या ग्रंथी प्रत्येकी चार-पाच ग्रॅमच्या. त्यांचा सुमारे ९० टक्के भाग नष्ट होईपर्यंत ठळक लक्षणं दिसत नाहीत. दिसतात ती अगदी ओळखीची: थकवा, भूक मंदावणं, वजन घटणं, मळमळ, पोटदुखी. यांतलं कुठलंही एक लक्षण शेकडो साध्या कारणांनी होतं, म्हणून एकटं काहीच सिद्ध करत नाही. माझं म्हणणं इतकंच, की लक्षणं एकेकटी न मोजता जोडीने पाहायला हवीत. थकव्यासोबत वजन घटतंय आणि उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उलट्यांसोबत त्वचा काळवंडतेय. भूक मेली, पण मीठ, लोणचं, खारवलेलं काही तरी खावंसं वाटतं. अशी जोडी दिसली तर थांबून विचार करावा.

यात त्वचेचा रंग सर्वात बोलका. कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी अधिवृक्कांना कामाला लावणारं संप्रेरक भरमसाट सोडते आणि तेच त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतं. त्यामुळे बहुतेक रुग्णांची त्वचा गडद होते. पाठ्यपुस्तकांतली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या रंगात हा बदल ‘ऊन लागलंय’ म्हणून सुटून जातो. म्हणून चेहऱ्यापेक्षा तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू आणि अलीकडच्या जखमांचे व्रण पाहावेत. जुना फोटो शेजारी धरणं हा साधा पण चांगला उपाय आहे. मात्र दोष पीयूषिकेत असेल, किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडं एकाएकी बंद केल्याने ग्रंथी थंडावल्या असतील, तर रंग बदलत नाही.

निदानाच्या वेळी ७० ते ८० टक्के रुग्णांच्या रक्तात सोडियम कमी असतं. पोटॅशियम वाढलेलं मात्र ३० ते ४० टक्क्यांतच सापडतं. तेव्हा पोटॅशियम बरोबर आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. पहिली पायरी सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि पीयूषिकेतून येणारं त्याचं नियंत्रक संप्रेरक तपासण्याची. कॉर्टिसॉल डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून कमी आणि नियंत्रक संप्रेरक वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त असेल, तर संशय बळावतो.

प्रतिकारयंत्रणा एका ग्रंथीवर उलटली की ती तिथेच थांबेल असं नाही. स्वयंप्रतिकारक ॲडिसनच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत दुसराही असा आजार असतो: बहुधा थायरॉइडचा, कधी टाइप १ मधुमेह, कधी कोड. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींना १९४७ मध्ये तिशीत ॲडिसनचं निदान झालं, नंतर १९५५ मध्ये थायरॉइडची कमतरताही आढळली. अशा रुग्णांत दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन विनाकारण कमी लागू लागलं आणि साखर वारंवार उतरू लागली, तर अधिवृक्क तपासाव्यात. थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर कुणी सुधारण्याऐवजी ढासळला, तरीही तपासाव्यात. कारण ती गोळी उरलंसुरलं कॉर्टिसॉलही लवकर खर्च करते.

उपचार साधे आहेत: दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीन भागांत आणि सोबत मीठ-पाण्याचा तोल राखणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी, आयुष्यभर. स्टिरॉइडच्या भीतीने घरचे लोक या गोळ्या बंद करायला लावतात, तिथे जीव धोक्यात येतो. शरीरात जे बनत नाही तेवढंच या गोळ्या भरून देतात. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. ४२३ रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवलेल्या, २०१५ मधल्या एका अभ्यासात दर १०० रुग्णांमागे वर्षाला आठ वेळा प्राणसंकट ओढवलं आणि नेहमीच्या कारणांत जुलाब-उलट्या व ताप होते. उलट्यांनी गोळी टिकत नसेल, तर वाट पाहू नये. १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घेऊन लगेच रुग्णालय गाठावं. तिथे सलाइन सुरू करावं लागतं. खिशात आजाराचं आणि इंजेक्शनचं नाव लिहिलेलं कार्ड असलं, तर रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरलाही पहिल्या मिनिटात काय द्यायचं ते कळतं.