सफरचंदाचे रोप घेण्यापूर्वी

माल चांगला असणे वेगळे आणि माल आपल्या बाजाराचा असणे वेगळे, हे व्यापारात आम्ही लवकर शिकलो. उत्तम लोकरी कापड वसईत आणले तर ते वर्षानुवर्षे गोदामात पडून राहील. त्यात दोष कापडाचा नाही, मागवणाऱ्याचा आहे. झाडांनाही हाच नियम लागू पडतो, हे मात्र आम्हाला पैसे मोजून शिकावे लागले.

चार वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने आगाशीकडील वाडीसाठी एका फिरत्या विक्रेत्याकडून 40 रोपे घेतली. "क्रॅबॲपल आहे, रशियन जात आहे, बर्फातही मरत नाही, मग वसईत काय मरणार?" असे विक्रेत्याचे बोलणे. ते आम्हालाही पटले आणि रक्कम आम्हीच दिली. रोपे लगेच मेली नाहीत, पण एकाही झाडाला फूल आले नाही. तिसऱ्या पावसाळ्यात निम्मी सडली. आता पुतणे साहेब पुन्हा अर्ध्या एकरात सफरचंद लावायचे म्हणतात, आणि तेही व्याजाचे कर्ज काढून. म्हणून आम्ही नीट चौकशी केली. तिचा सार वाचक बंधूंपुढे ठेवत आहोत.

काटक, पण कशापुढे?

क्रॅबॲपल म्हणजे लहान फळाचे रानसफरचंद. फळ बोरापासून लिंबाएवढे, चवीला आंबट-तुरट. ते कच्चे फारसे खात नाहीत, पण त्याची जेली उत्तम होते. सैबेरियातील रानसफरचंद कडाक्याची थंडी सोसते. अमेरिकेतील साउथ डकोटाचे वनस्पतिशास्त्रज्ञ नील्स हॅन्सन यांनी 1897 साली रशियाचा दौरा केला आणि तिकडून बियाणे आणले. त्यातून निवडलेली 'डोल्गो' ही जात त्यांनी 1917 मध्ये प्रसारात आणली. जेथे साधे सफरचंद हिवाळ्यात गोठून मरते, तेथे ती तग धरते. तिची ख्याती खोटी नाही.

परंतु ही काटकता थंडीपुढची आहे. सफरचंदाच्या कुळातील झाड हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. पुरेशी थंडी मिळाली तरच त्याचे डोळे वसंतात नीट फुटतात. यासाठी 7 अंश सेल्सिअसखालील तास मोजण्याची पद्धत आहे. काश्मीर-हिमाचलातील डेलिशस जातींना असे साधारण 1,000 तास किंवा त्याहून अधिक लागतात. काही जातींना कमी लागतात. वसईत पारा 7 अंशांखाली उतरतच नाही म्हटले तरी चालेल. म्हणजे आमच्या झाडांच्या खात्यात जमा शून्य. जोडीला कोकणचा पाऊस आणि मुळाशी साचणारे पाणी.

मग त्याचा उपयोग कोणाला?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःच्या परागाने पुरेसे फळ धरत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड लागते. क्रॅबॲपल भरपूर आणि पुष्कळ दिवस फुलते. म्हणून हिमाचलातील बागाईतदार मंचुरियन, स्नोड्रिफ्ट, गोल्डन हॉर्नेट अशा जाती बागेत परागासाठी लावतात. रानसफरचंदाच्या खुंटावर सफरचंदाचे कलमही बांधतात. रमजानात आपल्या दस्तरखानावर येणाऱ्या सफरचंदामागे अशा आंबट झाडाचाही हात असू शकतो. आपल्या मुलखात तेच झाड सरपणापलीकडे जात नाही.

उष्ण प्रदेशाचे सफरचंद

उष्ण हवेत येणारे सफरचंद नाही असे नाही. हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्याच्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांच्या परसात टाकलेल्या बियांतून 1999 मध्ये एक रोप उगवले. गाव जेमतेम 1,800 फूट उंचीवर. त्या रोपावरून त्यांनी कलमे बांधली आणि एचआरएमएन-99 ही जात उभी राहिली. तिला दीर्घ थंडी लागत नाही आणि ती स्वपरागी आहे. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने तिची रोपे देशभर पोचवली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ती लावली आहे. शर्मा यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पण येथेही हिशेब करावा. त्यांच्या गावी हे फळ जूनमध्ये तयार होते, आणि तेव्हा बाजारात इतर सफरचंद नसल्याने भाव मिळतो. आपल्याकडे जून म्हणजे मृगाचा पाऊस. फळ त्याआधी उतरले तर ठीक, नाही तर झाडावरच नासेल.

खरेदी करताना

पहिली गोष्ट, जातीचे नाव पावतीवर लिहून घ्यावे. दुसरी, कलमाचा सांधा डोळ्यांनी पाहावा. सफरचंदाच्या बीपासून उगवलेले झाड आईसारखे निघत नाही, त्यामुळे बियांच्या रोपाला जातीचे नाव लावून विकणे म्हणजे फसवणूकच. तिसरी, थंडीचे किती तास लागतात हे विचारावे. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही तर पुढे चालू लागावे. चौथी, प्रथम चार-पाच झाडे लावून तीन वर्षे पाहावीत. आम्हीही नवे कापड आधी एक थान आणून पाहतो, गाठ मागवत नाही.

आणि घरच्या मालाकडे पाठ फिरवू नये. बसराई केळीचे नाव वसईवरूनच पडले असे मानतात. राजेळी केळे सोलून उन्हात वाळवले की आगाशीची सुकेळी होतात. ती टिकतात, प्रवासाला चालतात आणि इफ्तारला खजुराशेजारी शोभतात. मेहनत फार आणि बनवणारी घरे थोडी, म्हणून गिऱ्हाईक असूनही माल कमी पडतो. ज्या मालाला मागणी आहे आणि जो आपल्या मातीला मानवतो, तो सोडून बर्फातील झाडामागे धावणे शहाणपणाचे नाही.

आमच्या घरी आता ठरले आहे. एचआरएमएनची पाच कलमे हौस म्हणून, बाकी जागेत राजेळी, आणि कर्ज अजिबात नाही. पुतण्या थोडा नाराज आहे. पण वाडी वडिलोपार्जित आहे, आणि व्याज झाडाला फूल येण्याची वाट पाहत नाही.