हंगामाचा हिशेब कसा वाचावा?

क्रीडामंडळाचे वर्ष संपत आले म्हणजे चिटणीस वहीत तीन रकाने आखतात: जिंकलेले सामने, हरलेले सामने व अनिर्णीत राहिलेले सामने. मंडळाचे संघ दोन-तीन असले तर हा हिशेब बहुधा संमिश्रच निघतो. पहिला संघ प्रबळ प्रतिस्पर्ध्यांपुढे वारंवार हार खातो, दुसरा संघ निम्मे सामने जिंकतो आणि बालसंघ एका रविवारी गाजतो तर दुसऱ्या रविवारी कोसळतो. पालक व विद्यार्थी हे आकडे पाहून "यंदा आपला संघ बरा" किंवा "यंदा अगदीच वाईट" असा निकाल तत्काळ देऊन मोकळे होतात. हे तीन रकाने खोटे नसतात. परंतु ते अपुरे असतात. त्यांच्या शेजारी आणखी काही प्रश्न मांडल्यावाचून खेळाडूंस न्याय मिळत नाही, हे आपल्याच देशाच्या क्रिकेटच्या इतिहासावरून दाखविण्याचा आमचा विचार आहे.

मुंबईतील पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. त्यांच्या समाजाचा पहिला संघ १८८६ साली विलायतेस गेला. त्याने २८ सामने खेळून अवघा १ जिंकला, १९ गमावले व ८ अनिर्णीत राहिले. या आकड्यांवर कोणी म्हणाला असता की, हा खेळ आपल्या लोकांचा नव्हे, तर त्यास खोडून काढणे कठीण गेले असते. परंतु पारशी मंडळी हिंमत हरली नाहीत. दोनच वर्षांनी, १८८८ साली, त्यांचा दुसरा संघ गेला. त्याने ३१ सामन्यांपैकी ८ जिंकले, ११ गमावले व १२ अनिर्णीत राखले. याही वेळी पराभव विजयांहून अधिकच होते. पण पहिल्या हिशेबाशेजारी दुसरा ठेवला म्हणजे प्रगती डोळ्यांत भरते. पुढे १८९० साली व्हर्नन यांचा इंग्रज संघ मुंबईस आला, तेव्हा पारशांनी त्यास चार गडी राखून हरविले. या विजयाचे बीज १८८६ च्या त्या १९ पराभवांतच पेरले गेले होते, असे आम्हांस वाटते.

तेव्हा पहिला प्रश्न हा की, हा हिशेब कालच्या हिशेबाशी ताडून पाहिला काय?

आता १९११ सालाकडे वळू. त्या वर्षी पारशी, हिंदू व मुसलमान खेळाडूंचा एकत्र असा पहिला हिंदी संघ पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडास गेला. त्याने एकंदर २३ सामने खेळले. त्यांत ६ विजय, १५ पराभव व २ अनिर्णीत. वरवर पाहता हंगाम निराशेचाच. परंतु हे २३ सामने एकाच तोलाचे नव्हते. त्यांपैकी १४ सामने प्रथम श्रेणीचे, म्हणजे प्रबळ परगणे, विद्यापीठे व एम.सी.सी. यांसारख्या संघांविरुद्धचे होते. त्यांत २ विजय, १० पराभव व २ अनिर्णीत असा निकाल लागला. उरलेल्या ९ सामन्यांत मात्र ४ विजय व ५ पराभव झाले. म्हणजे बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यांपुढे आमचे खेळाडू जवळजवळ तोडीस तोड ठरले आणि वरिष्ठांपुढे नमले. एका बेरजेत दडलेली ही गोष्ट दोन बेरजा केल्यावर उघड होते. यास्तव दुसरा प्रश्न: सामने कोणाशी झाले?

तिसरा प्रश्न परिस्थितीचा. त्या काळी मुंबईत यूरोपियन, पारशी व हिंदू यांचे तिरंगी सामने होत. परंतु तीन दिवस चालणारे असे मोठे सामने एका खेळाडूच्या वाट्यास वर्षाकाठी थोडेच येत. इंग्लंडात तेच उन्हाळाभर, एकामागून एक, गावोगाव प्रवास करीत खेळावयाचे होते. शिवाय पाचवे जॉर्ज बादशहा यांच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष. महाराजांस दरबारी समारंभांतून सवड होईना. ते मोजकेच सामने खेळले आणि त्यांच्या परिवारातील उत्कृष्ट फलंदाज मिस्त्री हेही बहुतेक वेळ त्यांच्यासोबतच राहिले. ज्या संघाचा नायक व मुख्य फलंदाज मैदानाबाहेर, त्याचा हिशेब वाचताना हे ध्यानात घ्यावयास नको काय?

तरीही जुलै महिन्यात पालट झाला. लीस्टरशायरविरुद्ध डॉ. होरमसजी कांगा यांनी १६३ धावा काढल्या, पालवणकर बाळू यांनी दोन्ही डावांत मिळून ११ गडी टिपले, आणि प्रथम श्रेणीतील पहिला विजय पदरात पडला. सॉमरसेटविरुद्ध तर सामना शेवटच्या जोडीवर आला. तेव्हा बाळूंचे बंधू शिवराम ११३ धावांवर नाबाद राहिले व एक गडी राखून जय मिळाला. पराभवांची रांग लागलेली असताना ज्यांनी हात गाळले नाहीत, त्यांचीच ही कमाई होय.

आता शेवटचा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा: संघाच्या निकालात व्यक्तीचे श्रम झाकले तर जात नाहीत ना? बाळूंनी त्या दौऱ्यात एकंदर ११४ गडी बाद केले. त्यांतील ७५ प्रथम श्रेणीचे. दर गड्यामागे सरासरी १८.८४ धावा. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास होते. पंधरा वेळा हरलेल्या संघातील या गोलंदाजाची कामगिरी कोणत्याही विजयी संघास भूषण झाली असती.

हे बाळू चर्मकार कुळातील. पुण्यास मैदानाची निगा राखण्याच्या अल्प पगाराच्या चाकरीत त्यांनी साहेब लोकांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता ही कला साधली. पुढे हिंदूंच्या संघात त्यांस घेतले गेले. पण मैदानावर ज्यांच्या खांद्यास खांदा लावून ते खेळत, तेच सोबती उपाहाराच्या वेळी त्यांस पंक्तीबाहेर बसवीत व त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यातून देत. त्यांच्या हातचा चेंडू चालत असे, पेला मात्र चालत नसे! एवढ्या योग्यतेच्या खेळाडूस हिंदू संघाचे नायकत्व कधीच लाभले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस १९२३ साली मिळाले, आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामन्यांत अजिंक्यपद मिळविले. हा अन्याय जय-पराजयाच्या कोणत्याही रकान्यात नोंदला जात नाही. म्हणूनच तो वाचकाने स्वतः शोधून वाचावा लागतो.

शुभवर्तमानात एका धन्याचा दृष्टान्त आहे. त्याने चाकरांस पाच, दोन व एक अशा निरनिराळ्या प्रमाणात द्रव्य सोपविले. हिशेबाच्या दिवशी पाचांचे दहा करणाऱ्यास व दोहोंचे चार करणाऱ्यास त्याने सारखीच शाबासकी दिली. रागावला तो केवळ द्रव्य पुरून ठेवणाऱ्यावर. संघांचा हिशेबही आपण याच न्यायाने घ्यावा. दुसऱ्या संघाकडे पहिल्याइतके भांडवल नसते आणि बालसंघाकडे त्याहूनही कमी असते. मिळाले त्याचे प्रत्येकाने काय केले, एवढेच विचारणे रास्त.

विद्यार्थिमित्रहो, पुढील वृत्तान्त वाचाल तेव्हा पराभव मोजा, कारण सत्य लपविणे हे खिलाडूपणाचे लक्षण नव्हे. पण त्याबरोबर मागील वर्ष, प्रतिस्पर्ध्याचे बळ, प्रसंगाची अडचण आणि ज्याचे नाव मागे पडले त्याचे श्रम, हेही मोजा. पालकांसही आमची विनंती आहे की, सायंकाळी धुळीने माखून घरी आलेल्या मुलास "जिंकलास की हरलास?" एवढेच न विचारता "आज काय शिकलास, आणि सोबत्यांशी कसा वागलास?" हेही विचारावे.