गच्चीवरील चिलर : त्याचे तापमान आणि त्याचे वेळापत्रक

आपल्या रुग्णालयाच्या खर्चपत्रकातील विजेची रक्कम दरवर्षी देणगीदारांच्या नजरेत भरते आणि तिच्याविषयी विचारणा होते. गेल्या वर्षी एका रुग्णाच्या मुलाने हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला. वडिलांच्या उशाशी रात्र काढून सकाळी तो यंत्रविभागात आला आणि म्हणाला, “साहेब, रात्री ऑपरेशन नसते, मग वरचे मशीन कुणासाठी चालते?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर या पानांतून सविस्तर द्यावे, असे विश्वस्त मंडळाने सुचविल्यावरून हा लेख लिहिला आहे.

चिलर हवा थंड करीत नाही, पाणी थंड करतो. ते पाणी नळांवाटे मजल्यामजल्यांवरील वातानुकूलन संचांत जाते, तेथील हवेची उष्णता घेऊन परत येते आणि ती उष्णता अखेर कूलिंग टॉवरमधून आकाशात सोडली जाते. चिलरची क्षमता टनांत सांगतात. येथे टन म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी उष्णता काढून घेण्याची शक्ती, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट, असा त्याचा अर्थ. बर्फाच्या कारखान्यांच्या काळातील हे माप अद्याप टिकून आहे.

सामान्यतः पाणी ७ अंश सेल्सिअसला बाहेर पडते आणि १२ अंशांच्या आसपास परत येते. नियंत्रकावर हा ७ चा आकडा बदलता येतो आणि सगळा मोह तेथेच आहे. आकडा एक अंशाने वाढविला तर कॉम्प्रेसरची वीज अंदाजे २ ते ३ टक्के वाचते. उलट “थंडावा कमी पडतो” म्हणून तो खाली ओढत नेला तर वीज वाढतेच, शिवाय यंत्राच्या आत पाणी गोठण्याचा धोका निर्माण होतो. आतील वायूचे तापमान बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षाही काही अंशांनी कमी असते. गोठलेल्या पाण्याने नळी फुटली तर पाणी थेट कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचते. म्हणून पाणी ४ अंशांच्या जवळ आले की यंत्र आपोआप बंद पडेल, अशी सुरक्षा-योजना बहुधा असतेच. ती योजना ‘त्रास देते’ म्हणून निकामी करून ठेवणारे कारागीरही पाहिले आहेत.

मग आकडा कायमचा वर का ठेवू नये? तसे आम्ही करून पाहिले, आणि चूक आमचीच होती. एका जुलै महिन्यात बचतीच्या उत्साहाने पाण्याचे तापमान १० अंशांवर नेले. शस्त्रक्रियागृहातील तापमापक २२ अंश दाखवीत होता, त्यामुळे सारे ठीक आहे असा समज झाला. चौथ्या दिवशी तेथील सिस्टरांनी निरोप धाडला की, भिंतीच्या फरशा दमट लागतात आणि निर्जंतुक साहित्याच्या पुड्यांचे कागद मऊ पडले आहेत. आर्द्रतामापक ६० च्या वर गेला होता. त्या सकाळच्या दोन नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि उपाशीपोटी थांबलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आम्ही समोर जाऊन कारण सांगितले. विजेच्या बचतीचा तो हिशेब नंतर कोणी मांडला नाही.

कारण साधे आहे. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, तसे संचातील थंड नळ्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होते, आणि तेवढीच हवा कोरडी होते. नळ्या पुरेशा गार नसतील तर हवा थंड होईल, पण कोरडी होणार नाही. तापमापकाला हे कळत नाही. एनएबीएच या मानांकन मंडळाच्या निर्देशांनुसार शस्त्रक्रियागृहात तापमान १८ ते २४ अंश आणि आर्द्रता २० ते ६० टक्के अपेक्षित आहे. त्यांतील दुसरी अट पावसाळ्यात अधिक कठीण असते. म्हणून आता जून ते ऑक्टोबर ७ अंश, त्यात सूट नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते आणि उष्णतेचा भारही कमी असतो, तेव्हा ९ अंश. मार्च ते मे हवा कोरडी असली तरी भार फार असल्याने ८ च्या वर जात नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. रात्री शस्त्रक्रियागृह रिकामे असले तरी तेथील पंखे थांबवीत नाहीत. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक राहिला तरच मार्गिकेतील धूळ आणि जंतू दाराच्या फटींतून आत शिरत नाहीत. मात्र हा दाब टिकत असेल तर पंख्यांचा वेग खूप कमी करता येतो आणि तापमान काही अंश चढू देता येते. वेळापत्रकातील खरी बचत येथे आहे. बाह्यरुग्ण विभाग व कार्यालयांचा पुरवठा संध्याकाळी पूर्ण बंद होतो. अतिदक्षता विभाग आणि नवजात शिशू कक्षाला रात्र नसते. त्यांच्यासाठी लहान चिलर चालतो, तोच त्या मुलाने ऐकला. (रक्तपेढीच्या शीतकपाटांना स्वतःचे कॉम्प्रेसर असतात, त्यांचा गच्चीशी संबंध नाही.)

एमआरआयचे प्रकरण आणखी वेगळे. त्यातील चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये असतो आणि त्या हेलियमला थंड राखणारा कॉम्प्रेसर स्वतः पाण्याने गार ठेवावा लागतो. तपासणी नसतानाही ते पाणी थांबले तर महागडा हेलियम उडून जाऊ लागतो. त्या चिलरला वेळापत्रकच नाही, आणि तो जनरेटरवर जोडलेला आहे.

मोठा चिलर पहाटे साडेपाचला सुरू होतो. आधी पाण्याचे पंप, मग टॉवरचा पंखा, प्रवाहाची खात्री झाल्यावर कॉम्प्रेसर. थांबविताना आधी कॉम्प्रेसर, काही मिनिटांनी पंप. रात्री मुख्य स्विच मात्र पाडायचा नाही, कारण कॉम्प्रेसरमधील तेल गरम ठेवणारा छोटा हीटर त्यावरच चालतो. एका सद्‌भावी पहारेकऱ्याने बचत म्हणून तो पाडला होता. गार तेलात शीतक वायू विरघळतो आणि सुरू होताना तेलाचा फेस होऊन बेअरिंगे कोरडी पडतात. वेळीच लक्षात आले, म्हणून निभावले.

साडेपाचची वेळ ऑटोक्लेव्ह आणि धुलाईगृहाच्या वेळेआधीची म्हणून निवडली आहे. सारी मोठी यंत्रे एकदम सुरू झाली तर विजेची कमाल मागणी वाढते आणि ती थोडाच वेळ टिकली तरी महिन्याच्या बिलात मोजली जाते. दिवसाच्या तासांनुसार दर वेगळे असल्याने आणि आयोगाच्या आदेशांबरोबर ते बदलत असल्याने, प्रत्येक नवा दर-आदेश आला की वेळापत्रक पुन्हा तपासले जाते.

नियंत्रकाचा सांकेतिक क्रमांक आता दोघांकडेच आहे. पाणी, तापमान व आर्द्रतेची नोंद दर दोन तासांनी होते, आणि आर्द्रतेचा रकाना शस्त्रक्रियागृहाच्या सिस्टर स्वतः भरतात. नोंदवही यंत्रविभागात दाराजवळच्या टेबलावर असते. देणगीदारांनी व नातेवाइकांनी ती अवश्य पाहावी.